लेफ्ट फील्डला कोण उभं होतं?

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री आमची सिस्टिम साडेचार तास आडवी पडली. कारण ऐकलंत तर हसाल. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलायला लागण्याआधी ओळख पटवण्यासाठी एक सर्टिफिकेट दाखवतात. त्याची मुदत संपली होती. बसच्या पाससारखंच असतं हे. काल रात्री बारापर्यंत चालत होता, आज कंडक्टर खाली उतरवतो. गंमत म्हणजे मुदत कधी संपणार ती तारीख त्या सर्टिफिकेटवरच छापलेली असते. जन्माच्या दिवशीच मरणाची तारीख कपाळावर लिहून घेऊन येणारी वस्तू आहे ती.

सोमवारी आरसीए लिहायचं काम माझ्याकडे आलं. (ज्यांच्या कपाळी हे नाही त्यांच्यासाठी: आरसीए म्हणजे घोळ का झाला ह्याचा पंचनामा. घोळ घालणाऱ्यानेच लिहायचा, हे त्याचं वैशिष्ट्य.) पहिल्याच परिच्छेदात मी लिहून टाकलं की ही एक 'लेफ्ट-फील्ड' घटना होती. वाक्य मला स्वतःला फार आवडलं. आमच्या पीएमना तर त्याहून आवडलं. 'छान वाटतंय, ठेव' म्हणाले.

बुधवारच्या कॉलवर क्लायंटकडचे एक गृहस्थ होते. साठीचे, निवृत्तीला टेकलेले, एरवी कॉलभर गप्प असतात. त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "आमच्या खेळात लेफ्ट फील्डला एक माणूस उभा असतो. तिथे उभं राहण्याचे त्याला पैसे मिळतात. तुमच्याकडे तिथे कोण होतं?"

कॉलवर सन्नाटा. दोघा-तिघांनी म्यूटवर असल्याचं नाटक केलं. पीएमनी 'हो, चांगला मुद्दा' म्हणून पुढची स्लाइड काढली.

मला उत्तर माहीत होतं. तिथे कोणीतरी होतं. वर्षभरापूर्वी लागलेली आमच्या टीममधली एक मुलगी. तिने चार महिने आधी तिकीट टाकलं होतं की अमुक सर्टिफिकेट अमुक तारखेला संपतंय, बदलायला हवं. त्या तिकिटाला 'लो प्रायोरिटी' देऊन बॅकलॉगच्या तळाशी कोणी पाठवलं? मी. जिरामध्ये माझ्या नावाने नोंद आहे, तारीख-वेळेसकट.

म्हणून आजचा शनिवार ह्या एका विशेषणासाठी. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: 'लेफ्ट-फील्ड' हा शब्द आपण आयटीवाल्यांनी वापरणं बंद करावं. इंग्रजी आहे म्हणून नाही, तसं म्हटलं तर ह्या लेखातली अर्धी नामं गळून पडतील. बेसबॉल आपल्याला कळत नाही म्हणूनही नाही. तो शब्द आपण खोटं बोलायला वापरतो, म्हणून.

आधी बेसबॉल.

आपल्यापैकी किती जणांनी बेसबॉलचा आख्खा सामना पाहिलाय? मी ह्या महिन्यापर्यंत एकही नाही. पण दिवसभर आपण बोलतो काय? एस्टिमेट द्यायचं तर 'बॉलपार्क'. दोन मिनिटं भेटायचं तर 'टच बेस'. जेवायचं आमंत्रण टाळायचं तर 'रेन चेक'. अवघड प्रश्न आला की 'कर्व्हबॉल', डेमो चांगला झाला की 'होम रन'. हिंजवडीत बसून, आयुष्यात हातात बॅट धरली ती फक्त टेनिस बॉलच्या गल्ली क्रिकेटसाठी, आणि भाषा बोस्टनची. ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, गिऱ्हाईकाची भाषा बोलावीच लागते. पण उसन्या आणलेल्या वस्तूची निदान पाठची बाजू एकदा उलटून पाहावी की नाही?

तर ही पाठची बाजू. बेसबॉलचं मैदान म्हणजे पंख्यासारखं पसरलेलं असतं. पंख्याच्या मुठीपाशी होम प्लेट, तिथे बॅटर उभा. त्याच्यासमोर चार बेसचा चौकोन, आणि त्या चौकोनापलीकडे लांबवर आउटफील्ड. आउटफील्डचे तीन भाग: लेफ्ट, सेंटर, राइट. डावं-उजवं हे होम प्लेटपासून मैदानाकडे तोंड करून ठरतं. क्रिकेटच्या हिशोबात सांगायचं तर उजव्या हाताच्या बॅट्समनचं लाँग-ऑन ते डीप मिडविकेट. म्हणजे आपला काऊ कॉर्नर.

आता मला सांगा, डीप मिडविकेटला बॉल गेला ह्यात अनपेक्षित ते काय? बहुतेक बॅटर उजव्या हाताचे असतात आणि जोर लावून मारलेला बॉल डाव्या बाजूला ओढला जातो. म्हणजे लेफ्ट फील्ड ही काही ओसाड जागा नाही. अमेरिकेत पोरांच्या बेसबॉलमध्ये ज्याला खेळता येत नाही त्याला उभं करतात राइट फील्डला, कारण तिकडे बॉल कमी येतात. लेफ्ट फील्डला तर एकेक दिग्गज उभे राहिलेत. १९४१ च्या मोसमात ज्याची सरासरी .४०६ होती तो बोस्टनचा टेड विल्यम्स लेफ्ट फील्डर. ७६२ होम रनांचा विक्रम नावावर असलेला बॅरी बाँड्स लेफ्ट फील्डर. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये लेफ्ट फील्डच्या मागे ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे, तिला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात. जगातल्या सगळ्यात जास्त टक लावून पाहिल्या गेलेल्या भिंतींपैकी ती एक असेल. आणि आपण म्हणतो, 'कुठून आलं कळलंच नाही, लेफ्ट फील्डमधून आलं.'

मग हा अर्थ चिकटला कसा?

जालावर शोधलंत तर पहिली गोष्ट सापडते ती शिकागोची. शिकागो कब्ज हा संघ १८९३ ते १९१५ पर्यंत तिथल्या वेस्ट साइडच्या मैदानावर खेळायचा. म्हणे त्या मैदानाच्या लेफ्ट फील्डच्या भिंतीपलीकडे मनोरुग्णालय होतं, तिथले रुग्ण खिडकीतून काहीबाही ओरडायचे, आणि त्यावरून 'लेफ्ट फील्डमधून आलेलं' म्हणजे वेडगळ, अनपेक्षित. ऐकायला झकास. आपल्याकडे 'येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला पाठवा' म्हणून जो विनोद करतात त्याच जातीची ही गोष्ट. दुखणाइतांवर हसायचं आणि त्याला इतिहास म्हणायचं. पण कब्जनी ते मैदान १९१५ नंतर सोडलं, आणि हा वाक्प्रचार 'अचानक' ह्या अर्थाने छापलेला दिसायला लागतो १९४० च्या दशकात. मधल्या पंचवीस-तीस वर्षांचे लॉग कुठे आहेत? प्रॉडक्शनमध्ये कोणी असं कारण आणून दिलं तर आपण त्याला दारात उभं करणार नाही. पण शब्दांच्या बाबतीत मात्र गोष्ट रंगतदार असली की पुरे.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. बेब रूथ यांकी स्टेडियमवर राइट फील्डला खेळायचा, सगळी गर्दी तिकडे. जो बावळट लेफ्ट फील्डचं तिकीट काढायचा तो 'आउट इन लेफ्ट फील्ड'. हीसुद्धा गोष्टच. हिच्यातून फार तर 'बावळट' निघतो, 'अचानक' कुठून निघणार?

तिसरं स्पष्टीकरण मला पटतं, कारण ते खेळातून येतं. रनर तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे धावतोय असं समजा. त्याचं तोंड होम प्लेटकडे, म्हणजे लेफ्ट फील्ड त्याच्या पाठीमागे. तिथला फील्डर बॉल उचलून होम प्लेटकडे फेकतो. बॉल रनरच्या मागून, त्याला न दिसता येतो आणि तो बाद होतो. त्याच्या दृष्टीने खरंच ध्यानीमनी नसताना आलेला बॉल.

इथपर्यंत ठीक. पण बेसबॉलवाले मूर्ख नाहीत. रनरला पाठीला डोळे नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून तिसऱ्या बेसजवळ त्यांचा एक कोच उभा असतो. थर्ड बेस कोच. त्याचं एक मुख्य काम: रनरच्या वतीने मागे बघायचं. बॉल लांब आहे, पळ, असं असेल तर तो हात गरागरा फिरवतो. बॉल येतोय, थांब, असं असेल तर दोन्ही हात वर करून उभा राहतो. रनरने मागे वळून बघायचं नसतं, कोचकडे बघायचं असतं.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून ठेवला. आमच्या टीममधली ती मुलगी चार महिने दोन्ही हात वर करून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं होतं, 'लो प्रायोरिटी' म्हटलं होतं आणि पळत सुटलो होतो. आणि बाद झाल्यावर लिहून मोकळा झालो की बॉल कुठून आला कळलं नाही!

आता थोडं शब्दाच्या प्रवासाबद्दल, कारण तिथे अजून एक मासलेवाईक गोष्ट आहे. ह्या वाक्प्रचाराला 'अचानक' हा अर्थ खेळाडूंनी दिला नसावा. संगीताचा इतिहास लिहिणारे अर्नॉल्ड शॉ ह्यांनी १९४९ साली नोंदवलंय की तो आधी अमेरिकेतल्या गाण्यांच्या धंद्यात रुळला. त्या काळी गाणी खपवणारे लोक असायचे. रेडिओवाल्यांच्या, बँडवाल्यांच्या मागे लागून आपलं गाणं वाजवून घेणं हे त्यांचं काम. एखादं गाणं ह्यांनी हातही न लावता आपोआप चाललं की ते म्हणायचे, हे लेफ्ट फील्डमधून आलेलं हिट. १९४३ च्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकातही हा प्रयोग सापडतो. तिथे तो रेडिओवर वेळ विकत घ्यायला अचानक उगवलेल्या धार्मिक मंडळींबद्दल आहे.

पण जरा थांबून विचार करा. ते गाणं 'अनपेक्षित' कोणाला? खपवणाऱ्याला. ज्याने चाल बांधली, ज्याने ती शंभर वेळा घोटून गायली, त्याला ते अनपेक्षित होतं का? तो तर हिटची वाटच बघत बसला असेल. म्हणजे शब्दाचा हा अर्थ जन्मला तोच मुळी अशा माणसाच्या तोंडी, ज्याने काम केलं नव्हतं आणि ज्याने केलं त्याच्याकडे ज्याचं लक्ष नव्हतं. आपल्यापर्यंत पोचताना त्याचा स्वभाव फारसा बदललेला नाही.

समुद्र ओलांडून हा शब्द इंग्लंडला गेला तेव्हा मात्र त्याचं भलं झालं. तिथे बेसबॉल कोणी खेळत नाही, त्यामुळे ओझं नाही. तिथे 'लेफ्ट-फील्ड' म्हणजे चाकोरीबाहेरचं, विशेषतः संगीतात, आणि बऱ्याचदा कौतुकाने. लंडनमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीने तर नावच 'लेफ्टफील्ड' घेतलं, आणि १९९५ च्या पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं 'लेफ्टिझम'. ह्या अर्थाशी माझं काही भांडण नाही. कोणी माझ्या कोडला लेफ्ट-फील्ड म्हटलं तर मी पार्टी देईन.

माझं भांडण आपल्या मीटिंग रूममधल्या अर्थाशी आहे. तिथे हे विशेषण दोनदा वापरलं जातं. पहिल्यांदा घटनेच्या आधी. स्टँडअपमध्ये नवीन पोरगी काहीतरी शंका काढते. कोणीतरी (ह्या खेपेला मी) हसून म्हणतो, "हे जरा लेफ्ट-फील्ड आहे गं, आत्ता रिलीजचं बघू." म्हणजे तुझा मुद्दा चुकीचा नाही, पण तो मैदानाच्या कडेचा आहे. मराठीत ह्याला सरळ 'डावलणं' म्हणतात. दुसऱ्यांदा घटनेच्या नंतर. जे डावललं तेच अंगावर आलं की आरसीएमध्ये लिहायचं, घटना लेफ्ट-फील्ड होती. शब्द तोच, माणूस तोच, फक्त तारीख वेगळी. आधी त्याने इशारा झाकला, नंतर झाकणाऱ्याला झाकलं.

आणि ह्यात व्याकरणाचाही हात आहे. मूळचं रूप आहे 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड', म्हणजे लेफ्ट फील्डमधून. ह्यात निदान पंचमी विभक्ती शिल्लक आहे. कुठून, ह्याचं उत्तर आहे. ती जागा मैदानाच्या आत आहे, सीमारेषेच्या आत आहे, तिला नाव आहे आणि तिथे माणूस नेमलेला आहे. पण ते दोन शब्द आडव्या रेघेने जोडून नामाच्या आधी चिकटवले, 'लेफ्ट-फील्ड घटना' केली, की 'कुठून' गळून पडतं आणि तो घटनेचाच गुण होऊन बसतो. जशी लाल गाडी, तशी लेफ्ट-फील्ड घटना. जणू ती जन्मतःच तशी होती, आपण काय करणार! वास्तविक अनपेक्षितपणा हा घटनेचा गुण नसतोच. तो घटना आणि बघणारा ह्यांच्यातला हिशोब असतो. कोणाला अनपेक्षित, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

मराठी इथे जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं. आपल्याकडे 'अनपेक्षित' आहे, म्हणजे ज्याची अपेक्षा केली नाही. लगेच प्रश्न येतो, कोणी केली नाही? 'अकल्पित' आहे, ज्याची कोणी कल्पनाच केली नव्हती. 'अतर्क्य' आहे, जिथे तर्कच पोचत नाही. तीन शब्द, तीन वेगळ्या पायऱ्या. आमचं सर्टिफिकेट ह्यातल्या पहिल्या पायरीवरही बसत नाही. आणि सगळ्यात भारी शब्द म्हणजे 'अकस्मात'. संस्कृतात 'कस्मात्' म्हणजे 'कशामुळे, कुठून'. अ-कस्मात् म्हणजे ज्याला 'कशामुळे' नाही असं. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत आपल्याला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेली असते. तिच्या बरोब्बर उलट टोकाला हा शब्द आहे: शून्य वेळा का. आरसीएमध्ये घटना अकस्मात होती असं लिहिणं म्हणजे मूळ कारणाच्या पंचनाम्यात मूळ कारण नाही असं लिहिणं. 'लेफ्ट-फील्ड' लिहिलं की तेच होतं, फक्त सुटाबुटात.

आता तुम्ही म्हणाल, एका सर्टिफिकेटवरून एवढं रामायण? तर हे एकट्या आमचं दुखणं नाही.

६ डिसेंबर २०१८ ला इंग्लंडमध्ये ओटू कंपनीच्या नेटवर्कवरच्या सव्वातीन कोटींच्या आसपास लोकांचा मोबाइल डेटा दिवसभर बंद होता. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकचं नेटवर्कही गेलं. कारण एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं मुदत संपलेलं सर्टिफिकेट. तारीख आतच लिहिलेली.

३० जून २०१२ च्या मध्यरात्री, ग्रिनिचच्या वेळेने, जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवून घ्यायला असा लीप सेकंद अधूनमधून घालतात. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट होती, घड्याळात साडेपाच वाजत होते. मी शाळेत होतो आणि गाढ झोपेत होतो. तेवढ्या एका सेकंदाने लिनक्समधला एक बग जागा झाला, जगभर सर्व्हर गरागरा फिरायला लागले, रेडिट कोलमडलं, ऑस्ट्रेलियात क्वांटासचं चेक-इन अडकलं आणि विमानं उशिरा सुटली. तो सेकंद येणार हे जानेवारीतच, म्हणजे जवळजवळ सहा महिने आधी, अधिकृतपणे जाहीर झालेलं होतं.

४ जून १९९६ ला एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये मावला नाही. तो कोड आधीच्या एरियान-४ मधून उचलला होता. धोक्यातली सात चलपदं ओळखलेली होती, चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना दिलं नव्हतं, कारण जुन्या रॉकेटच्या वेगात ती कधी एवढी मोठी होऊच शकत नव्हती. नवं रॉकेट वेगळ्या मार्गाने जाणार हे काय गुपित होतं?

तिन्ही ठिकाणी बॉल मैदानातूनच आला.

तुमचे दोन आक्षेप मला आत्ताच ऐकू येतायत.

पहिला: अरे, भाषा वापराने घडते. मूळ अर्थ शोधून आजच्या वापराला झोडपणं हा शुद्ध पंडिती खेळ झाला. मान्य. काऊ कॉर्नरचंच घ्या. म्हणतात की तिकडे कोणी शहाणा बॅट्समन बॉल मारायचाच नाही, गायी खुशाल चराव्यात, म्हणून ते नाव. आज टी-ट्वेंटीत तिकडे गाय सोडलीत तर षटकभरात गोमाता संकटात येईल. तरी नाव तेच आहे, आणि असू दे. मी 'लेफ्ट-फील्ड'चा अर्थ बेसबॉलमधून काढा असं म्हणतच नाही. मी एवढंच विचारतोय की आज, आपल्या ऑफिसात, तो शब्द काय काम करतो? तो नाव पुसतो. म्हणून नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घटना घडून गेल्यावर सगळेच शहाणे होतात. आमच्या बॅकलॉगमध्ये आज चारशेच्या वर तिकिटं आहेत. त्यातलं प्रत्येक कोणाचा ना कोणाचा वर केलेला हात आहे. सगळ्यांकडे बघत बसलो तर रिलीज कधी करणार? उद्या काहीही घडलं तरी त्या चारशेत कुठेतरी त्याचा इशारा सापडणारच. हे मला पूर्ण मान्य आहे. काहीतरी मागे ठेवावंच लागतं, आणि मागे ठेवणं हा गुन्हा नाही. पण मग तसं लिहा ना! 'आम्हाला माहीत होतं. दुसरं काम महत्त्वाचं वाटलं म्हणून हे मागे ठेवलं. अंदाज चुकला.' ह्या तीन वाक्यांना कोणी फाशी देत नाही. उलट ह्यातून पुढच्या वेळी काहीतरी शिकता येतं, तारीख असलेलं तिकीट बिनतारखेच्या तिकिटाच्या खाली जाता कामा नये वगैरे. 'लेफ्ट-फील्ड'मधून काय शिकणार? आभाळाकडे बघत चालायचं?

खरोखर आभाळातून येणाऱ्या गोष्टीही असतात, नाही असं नाही. २००३ साली ब्रसेल्समधल्या एका निवडणुकीत मतयंत्रणेने एका उमेदवाराला बरोब्बर ४०९६ मतं जास्त दिली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. कोड तपासला, काही सापडेना. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला आणि बहुधा अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो उलटवला असावा, हे त्यातल्या त्यात पटणारं स्पष्टीकरण निघालं. अशा वेळी खुशाल म्हणा. पण तेव्हासुद्धा इंग्रजीत त्यासाठी दुसरा, जास्त चपखल वाक्प्रचार आहे, 'आउट ऑफ द ब्लू', निळ्या आभाळातून. आभाळात कोणी फील्डर नेमलेला नसतो. लेफ्ट फील्डमध्ये असतो. हा फरक एवढा सोपा आहे.

म्हणून मी स्वतःपुरती एक चाळणी केली आहे. ही गोष्ट कुठे लिहिलेली होती का? कोणी बोललं होतं का? तिला तारीख होती का? तिन्हींची उत्तरं 'नाही' आली तरच तो शब्द. एकाचंही 'हो' आलं तर शब्द खोडायचा आणि ज्याने लिहिलं, जो बोलला त्याचं नाव लिहायचं.

हे सगळं मला एवढं लागायचं कारण वेगळंच आहे. आमच्याकडे सध्या अप्रेझल चालू आहेत. त्या मुलीच्या फॉर्ममध्ये 'पुढाकार घेणे' असा एक रकाना आहे. आरसीएमध्ये घटना लेफ्ट-फील्ड राहिली असती, तर तिने काही केलंच नव्हतं असं झालं असतं. कारण जे कोणालाच दिसलं नव्हतं ते तिला तरी कसं दिसलं असेल? एका विशेषणाने माझी कातडी वाचवली असती आणि तिचे चार महिने पुसले असते. आणि मी ते काही डाव साधून केलं नव्हतं, हे जास्त वाईट. वाक्य छान वाटलं म्हणून केलं होतं.

गुरुवारी मी आरसीएची दुसरी आवृत्ती पाठवली. पहिला परिच्छेद असा: 'सर्टिफिकेटची मुदत संपणार हे टीमला चार महिने आधी माहीत होतं. तसं तिकीट टीममधल्या इंजिनियरने (इथे तिचं नाव) टाकलं होतं. ते मी मागे ठेवलं.' पीएम म्हणाले, "अरे, एवढं उघडं लिहितात का कधी?" मी म्हटलं, क्लायंटने तेच तर विचारलंय. त्यांनी दहा मिनिटं विचार केला आणि 'मी' च्या जागी 'आम्ही' करून पुढे पाठवलं. तेही माझ्या मते चुकीचं आहे, पण एका आठवड्यात एकच शब्द पुरे.

क्लायंटकडच्या त्या गृहस्थांचं एका ओळीचं उत्तर आलं: धन्यवाद, आता कळलं.

तिला मी पॅन्ट्रीत गाठून सॉरी म्हटलं. ती चहा ढवळत म्हणाली, "ठीक आहे रे. पण ते तिकीट अजून उघडंच आहे. आणि तसलीच अजून दोन आहेत, एक ऑगस्टमध्ये संपतंय."

सोमवारी पहिलं काम ते.